उतारशाळेतील दोन दिनार
लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची प्रीती सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या सचोटीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या परक्याच्या जखमा त्याने बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले व त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी रक्षकास दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, देऊन अधिक खर्च परत येताना फेडण्याचा शब्द दिला.

रुग्णालय ही आजची उतारशाळा होय. दात्याने दिलेला प्रत्येक रुपया त्या जखमी मनुष्याची ठेव आहे. म्हणून बिलातील खरा आकडा आणि नातेवाइकांना धीराने सांगितलेले खरे निदान ही रात्रीच्या शुश्रूषेइतकीच प्रीतीची कृत्ये आहेत. ख्रिस्तावरील विश्वास आम्ही अशाच कृत्यांतून आचरावा, ही प्रार्थना.