बांबूचं पेर आणि माणसाचा कणा

विद्यार्थी मित्रांनो, आम्ही शिक्षक तुम्हाला दोन गोष्टी नेहमी सांगतो. एक, नम्र राहा. दुसरी, चुकीच्या गोष्टीपुढे झुकू नका. मग एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, "सर, वाकायचंही आणि झुकायचंही नाही, हे एकाच वेळी कसं जमणार?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर आज आपण बांबूकडून घेऊ या.

सीताबर्डीच्या बाजारात चक्कर मारली तरी बांबू किती रूपांत भेटतो बघा. सूप, टोपली, परडी, शिडी, मांडवाचे खांब. मारबतीच्या मिरवणुकीतले बडगेसुद्धा बांबूच्या कामट्यांवरच उभे राहतात. आपल्यासाठी ही रोजच्या वापरातली वस्तू. पण चीनमधल्या कवींनी शेकडो वर्षांपासून बांबूला सज्जन माणसाचं प्रतीक मानलं आहे.

बांबूची रचना

बांबू झाडासारखा उंच वाढत असला तरी तो गवताच्या कुळातला आहे. गहू, ज्वारी, ऊस हे त्याचे नातेवाईक. उसासारखीच त्याला कांडी आणि पेरं असतात. कांडं बहुधा आतून पोकळ असतं आणि प्रत्येक पेरापाशी आत एक घट्ट पडदा असतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला मानवेल मात्र बराचसा भरीव असतो, म्हणून त्याच्या लाठ्या चांगल्या होतात.

एक छोटा प्रयोग करा. शरबत प्यायची साधी नळी वाकवा. ती मध्येच चेपते. पोकळ बांबू तसा सहज चेपत नाही, कारण पेरातला पडदा त्याला आतून धरून ठेवतो. म्हणजे बांबूला न मोडता वाकता येतं, त्यात पेराचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

चिनी कवींचा बांबू

चिनी भाषेत पेराला 'जिए' म्हणतात. गंमत म्हणजे सचोटी, निष्ठा यासाठीही हाच शब्द वापरतात. त्यामुळे कवीने बांबूच्या पेराचं नाव घेतलं की वाचकाला माणसाचं चारित्र्यही आठवतं.

बाइ जुई (७७२ ते ८४६) हा थांग काळातला मोठा कवी. इ.स. ८०३ मध्ये राजधानी छांगआनमध्ये तो ज्या घरी राहायला गेला, तिथे बांबूचं एक दुर्लक्षित बेट होतं. त्याने गवत काढलं, माती भुसभुशीत केली आणि बांबूवर एक लेख लिहिला. त्यात त्याने चार गुण सांगितले. मूळ घट्ट, म्हणून चांगुलपणा पक्का. खोड सरळ, म्हणून वागणं सरळ. आतून पोकळ, म्हणजे अहंकार नाही, नवं शिकायला जागा आहे. आणि पेरं मजबूत, म्हणून सुखात-दुःखात आचरण सारखंच.

पुढे झेंग बानचियाओ (१६९३ ते १७६५) हा कवी-चित्रकार झाला. बांबूची चित्रं ही त्याची ओळख. तो शानदोंग प्रांतात अधिकारी होता, साधारण आपल्याकडच्या तहसीलदारासारखा. कचेरीत पडल्या पडल्या बांबूच्या पानांची सळसळ ऐकली तरी आपल्याला गरिबांचं कण्हणं ऐकू आल्यासारखं वाटतं, अशा अर्थाची कविता त्याने आपल्या वरिष्ठाला दिलेल्या चित्रावर लिहिली. दुष्काळात त्याने वरच्या परवानगीची वाट न पाहता सरकारी धान्य लोकांना दिलं, असं सांगतात. नोकरी सुटल्यावर तो चित्रं विकून जगला.

आपल्या मराठीत

आपल्याकडे हे दोन गुण वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. महापुरात मोठी झाडं वाहून जातात आणि नम्र लव्हाळं टिकतं, हे तुकाराम महाराजांनी शिकवलं. तर कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेतला पूरग्रस्त माजी विद्यार्थी सरांकडे येतो तो पैशांसाठी नव्हे, पाठीवरच्या हातासाठी. एकीकडे लवचीकपणा, दुसरीकडे ताठ कणा. चिनी कवींना दोन्ही एकाच बांबूत दिसले.

मेंढा-लेखाचा धडा

आता आपल्या विदर्भातलं उदाहरण. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. इथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं आणि २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता. त्यामुळे बांबू विकायचा तर वाहतूक परवाना कोणी द्यायचा, यावर अडलं.

गावकऱ्यांनी दगड उचलला नाही. अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला, अर्ज केले, चर्चा केल्या. पण हक्क ग्रामसभेचा आहे, हा मुद्दा सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढणारा बांबूही 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला.

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवा. बोलण्यात, वागण्यात, दुसऱ्याचं ऐकून घेण्यात खुशाल वाका. पण खरेपणा, न्याय, दिलेला शब्द ही आपली पेरं आहेत, ती सैल पडू देऊ नका. पेरं घट्ट असली की वाकायची भीती वाटत नाही.

स्वाध्याय

१. बाइ जुईने सांगितलेले बांबूचे चार गुण तुमच्या शब्दांत लिहा.
२. लव्हाळं आणि बांबू यांच्यात साम्य काय, फरक काय?
३. मेंढा-लेखाचे गावकरी कुठे वाकले आणि कुठे ठाम राहिले?
४. तुमच्या परिसरातल्या बुरड कारागिराला भेटा. टोपलीसाठी कसा बांबू निवडतात, ते विचारून दहा ओळी लिहा.