मॉड्सचा फोल्डर लावताना

अगं, जे डाउनलोड केलंस ते सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलंस आणि आता ‘द सिम्स 4’ उघडायला दहा मिनिटं घेतो म्हणून आत्याला फोन! फोल्डर लावायचा तो छान दिसावा म्हणून नव्हे. पॅच येईल त्या दिवशी काय बाहेर काढायचं ते पटकन हाताशी लागावं म्हणून. गेम 2014 चा, पण पॅच अजून येतात, त्यामुळे तो दिवस चुकत नाही.

डॉक्युमेंट्समध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यात द सिम्स 4, त्यात मॉड्स, ही जागा तुला माहीत आहे. तिथे येणाऱ्या फाइली दोन जातींच्या. पॅकेज फाइलीत केस, कपडे, सोफे असतात, गेमचे छोटे फेरफारही असतात. टीएस4स्क्रिप्ट म्हणजे खराखुरा कोड. पॅकेज पाच फोल्डर खोलवर ठेवलं तरी गेम वाचतो. स्क्रिप्ट मात्र मॉड्समध्ये थेट, नाहीतर फक्त एका फोल्डरच्या आत. ‘गेमप्ले’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘एमसी कमांड सेंटर’चा फोल्डर ठेवलास की संपलं, मॉड दिसणारच नाही आणि तू बसशील पुन्हा पुन्हा डाउनलोड करत. झिप उघडून आतलं काढायचं, पण टीएस4स्क्रिप्ट फाइल स्वतः उघडायची नाही, आहे तशी ठेवायची.

बहुतेक जण केस, कपडे, फर्निचर असे कप्पे करतात. मला विचारशील तर बनवणाऱ्याच्या नावाने फोल्डर कर. अमुक मॉड बिघडला ही बातमी नेहमी बनवणाऱ्याच्या नावानेच कळते. ‘निळा फ्रॉक’ असं कुणी सांगत नाही. आणि रिकलर, म्हणजे नुसता नवा रंग, ठेवशील तिथेच त्याचा मेश, म्हणजे मूळ आकार, तोही ठेव. मेश गेला की रंगही गेला.

सिम्स 4 स्टुडिओने शेकडो पॅकेज एकत्र करता येतात, गेम लवकर उघडतो. मोह होतोच. पण त्यातली एक फाइल बिघडली तर शोधणार कशी? जुन्या, त्रास न देणाऱ्या केसांच्या वगैरे फाइलीच एकत्र कर, आणि मूळ फाइली दुसरीकडे जपून ठेव.

पॅच आला की गेम आपणहून मॉड्स बंद करतो. ते लगेच चालू करायचे नाहीत. आधी स्क्रिप्टवाल्यांनी नवी आवृत्ती काढली का ते बघ, कारण पहिला फटका त्यांनाच बसतो. तरी काही बिनसलंच, तर अर्धे मॉड डेस्कटॉपवर काढ, ‘लोकलथंबकॅश’ फाइल डिलीट कर (गेम ती नवी बनवतो), नव्या सेव्हमध्ये खेळून बघ. बिघाड गेला तर दोषी बाहेरच्या अर्ध्यात, नाहीतर आतल्या. त्याचे पुन्हा दोन भाग. दोनशे फाइली असल्या तरी सात-आठ फेऱ्यांत एकच उरते. कंटाळवाणं आहे, पण याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

स्क्रिप्ट कुठूनही उचलू नकोस. 2024 मध्ये काही सिम्स मॉड्समधून मालवेअर पसरल्याचं उघड झालं होतं. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घे. आणि लोकांनी बांधलेली घरं मॉड्समध्ये टाकू नकोस, ती ट्रे फोल्डरमध्ये जातात. तुझी दोन घरं तिथे पडून आहेत, मी पाहिलंय.

एक राहिलं. कस्टम फर्निचर काढून घर उघडलंस आणि वर सेव्ह केलंस, तर ते सामान त्या घरातून कायमचं जातं, फाइल परत टाकली तरी आपल्या जागी येत नाही. म्हणून कशालाही हात लावण्याआधी सेव्ह्ज फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढ. आजच काढ, आणि झाली की मला मेसेज कर.