विशीतले प्रश्न : मनाची भूक कोणती, मनाचा आजार कोणता?

घरातली मुलगी किंवा मुलगा अठरा-वीस वर्षांचा झाला की घरात नवे प्रश्न येतात. लहानपणी आपणहून वंदनेला बसणारे मूल विचारते, "वंदना घेऊन काय होते?" कोणी म्हणतो, "मी काहीच मानत नाही." कोणी मोबाईलवर कुठल्या तरी महाराजांची प्रवचने ऐकत बसतो. भरतीच्या यादीत नाव न आलेली मुलगी म्हणते, "मग जगायचे तरी कशासाठी?" आई घाबरते, वडिलांचा आवाज चढतो. हा विषय धम्माचा आहे तसाच आरोग्याचाही आहे.

प्रश्न पडणे हा आजार नाही

पुढचा विचार करणारा, निर्णय तोलणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्याच वयात शिक्षण, नोकरी, लग्न आणि जातीचे चटके एकदम समोर येतात. अशा वेळी "मी कोण, कशासाठी?" असे मनात येणे स्वाभाविक आहे.

सिद्धार्थ गौतमांनी घर सोडले तेव्हा ते २९ वर्षांचे होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद हे त्यामागचे कारण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. म्हणजे प्रश्न रोजच्या जगण्यातूनच आला होता. स्वतः बाबासाहेबांना केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र दिले ते शाळकरी वयात. येवल्याची घोषणा १९३५ ची, दीक्षा १९५६ ची. मधली २१ वर्षे वाचन, तुलना आणि विचार यांत गेली. मग आपल्या लेकराने एका शिबिरात किंवा एका निकालात आयुष्याचे उत्तर शोधावे, असा हट्ट कशाला?

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच शिकवले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून मानू नका. आचरणाने आपले आणि इतरांचे भले होते का ते पाहा. तेव्हा "आपल्या घरात असले प्रश्न विचारायचे नाहीत" हे बोलणे धम्माला धरून नाही.

फरक कसा ओळखावा?

"सगळे अनित्य आहे" असे म्हणणाऱ्या दोन मुलांकडे पाहा. एकाचा राग कमी झाला, तो धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतो, वेळेवर झोपतो. दुसऱ्याने जेवण टाकले, मित्र सोडले, तो दिवसभर पांघरूण घेऊन पडतो. वाक्य एकच, पण पहिल्याला समज आली आहे. दुसऱ्याला उदासीनतेचा आजार असू शकतो. म्हणून बोलण्यावर जाऊ नका. झोप, भूक, काम आणि माणसांशी नाते या चार गोष्टी पाहा.

पुढील लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवा :
- दोन आठवडे सतत उदासी, कशातच रस नाही.
- रात्र-रात्र झोप नाही, तरी अंगात विलक्षण जोर. "मला ज्ञान झाले, मी निवडलेला आहे" अशी भाषा.
- कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे विरोधात आहेत असा पक्का संशय.
- मरणाविषयी बोलणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे.

गंभीर मानसिक आजारांपैकी बरेच याच वयात सुरू होतात. लवकर उपचार मिळाले तर शिक्षण आणि काम सावरते.

घरच्यांनी काय करावे?

आधी ऐकून घ्या. उत्तर माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही, आपण मिळून वाचू" म्हणा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. तिथे तरुणांना फक्त सतरंजी उचलायला न ठेवता वाचायला आणि शंका विचारायला बसवा. लहान मुलांची शिकवणी, जयंतीचे रक्तदान अशी जबाबदारी द्या. जगण्याचा अर्थ नुसता ऐकून कळत नाही, कोणाच्या उपयोगी पडल्यावर जाणवू लागतो.

रोज दहा मिनिटे आनापान करावे. ताठ बसून नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहावा. मन शांत व्हायला मदत होते. बेचैनी वाढली तर उठून चालावे, जबरदस्ती करू नये. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे असेल तर अर्जात आजार व औषधे खरी लिहावीत. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. साधना हा औषधाला पर्याय नाही.

मरणाचे बोलणे कानावर आले तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. मांत्रिक-बाबाकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

रविवारी विहारात चर्चेसाठी

१. आपल्या घरात तरुण कोणते प्रश्न विचारायला घाबरतात? का?
२. वस्तीतल्या कोणत्या कामाची जबाबदारी या महिन्यात तरुणांकडे देता येईल?
३. १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर कोण लिहील?

जयभीम!