सणांची पक्वान्ने व त्यांची कुळे

गेल्या होळीस आपल्या मंदिरात नैवेद्याची ताटे येत असता एका सभासद कुटुंबातील नव्या सूनबाईंनी वेडमी आणली. त्यांचे माहेर गुजराती. पुरण तुरीच्या डाळीचे आहे असे कळताच "ही काही पुरणपोळी नव्हे," असे कोणी म्हणाले, आणि आम्ही ते ताट बाजूस ठेवले. त्या बाई काही न बोलता घरी गेल्या. सायंकाळी तीर्थरूपांनी आम्हांस एवढेच विचारले, "पुरण हरभऱ्याचेच हवे, हे कोठे लिहिले आहे?" त्याचे उत्तर शोधता जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुरण म्हणजे आत भरावयाचे ते. डाळ कोणती, हे तो शब्द सांगत नाही. महाराष्ट्रात ती बहुधा हरभऱ्याची, गुजरातेत तुरीची. कर्नाटकातील होळिगेत दोन्ही चालतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मांडे व पोळी यांचा उल्लेख आहे. तेव्हा पोळीचे कूळ जुने खरे. परंतु ते एकाच प्रांताचे नव्हे.

आता दिवाळीचे ताट पाहू. शंकरपाळ्याचा शंकराशी संबंध नाही. मूळ शब्द फारसी 'शकरपारा'. पण फारसीतील 'शकर' हा आपल्या 'शर्करा' शब्दापासूनच झाला. सासरी गेलेली लेक नव्या वेषात माहेरी परतावी, तसे हे झाले! बर्फीचे नाव फारसी 'बर्फ' यावरून पडले, आणि जिलबीचे अरबी 'जलाबिया' वरून आले. सत्यनारायणाच्या शिऱ्यातील काजू पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ब्राझीलहून आणला. एकादशीच्या खिरीतील साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून होतो, तोही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्यांस आपण कधी बाजूस ठेवले नाही.

यावरून आमच्या ध्यानी आले, की लेकी-सुनांसमवेत त्यांच्या गावचे पक्वान्नही घरात येते, आणि दोन पिढ्यांत ते आपलेच होऊन बसते. नैवेद्यास शुचिर्भूतपणा व श्रद्धा हवी. त्या वेडमीत दोहोंची उणीव नव्हती. उणीव आमच्या समजुतीत होती.

येत्या होळीस ते ताट पुन्हा यावे, अशी आमची विनंती आहे. ते आम्ही स्वतः इतर ताटांच्या पंक्तीत मांडू, आणि त्या बाईंची क्षमा मागू.