ऊसतोडीच्या गावी रेशन

प्रश्न : बीडहून कोल्हापूरकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला तिथे रेशन मिळते का?

उत्तर : मिळते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे अन्न सुरक्षा कायद्याखालील लाभार्थीला कोणत्याही रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन धान्य उचलता येते. २०१३च्या या कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३पासून तेही मोफत. गावी राहिलेल्या आजी-आजोबांचा वाटा बुडत नाही, कारण धान्य विभागून घेता येते. खरी अडचण अंगठ्याची. कोयता आणि पाचटाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र अनेकदा ओळखत नाही. केवळ तेवढ्यावरून धान्य नाकारणे अन्यायाचे आहे. गाव सोडण्यापूर्वी कुटुंबातील प्रत्येकाचे आधार रेशनकार्डाला जोडलेले आहे, याची दुकानात खात्री करून घ्यावी.