गव्हाचे पथ्य आणि यात्रा



३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आपण जुन्या गोव्याला जातो. घरात सिलिॲकचा रुग्ण असेल तर त्याला मागे ठेवू नये. तयारी मात्र आधी करावी.

गहू, जव व राय यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे अशा रुग्णाच्या लहान आतड्याचे अस्तर खराब होते. यावर औषध नाही. जन्मभर पथ्य हाच उपाय. पोट दुखले नाही तरी चिमूटभर मैदाही चालत नाही.

आपले तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी व मका निर्धोक आहेत. पण गहू दळणाऱ्या गिरणीत ज्वारी दळली की तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. म्हणून धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ जात्यावर दळावे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी व केळी बरोबर बांधावी. वाटेतल्या हॉटेलात पुऱ्यांच्या कढईतली भजी घेऊ नयेत. आमटी-सांबारातले हिंगही विचारावे. बाजारच्या पुष्कळ हिंगात गव्हाचे पीठ असते.

आता ख्रिस्तप्रसादाविषयी. ओस्ती गव्हाचीच असते. रोमच्या २०१७ च्या पत्राप्रमाणे ग्लूटेन मुळीच नसलेली ओस्ती ग्राह्य नाही, अल्प ग्लूटेनची ग्राह्य आहे. ती सोसेल की नाही हे डॉक्टरांना विचारावे. सोसत नसेल त्याने फक्त द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. त्यातही ख्रिस्त पूर्णपणे आहे. मिस्सापूर्वी तेथील फादरांना सांगावे, म्हणजे ओस्तीचा तुकडा न पडलेला वेगळा प्याला ठेवता येतो. सांगण्यात संकोच नसावा.