डेंग्यूचा विषाणू : प्रकार आणि वंश

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारानंतर वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. परंतु जनुकरचनेतील फरकांमुळे प्रत्येक प्रकारातही निरनिराळे वंश आढळतात. पेरू देशातील इकितोस शहरात १९९० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या आणि १९९५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकाराची साथ आली. रक्तस्रावी तापाची भीती होती. ती खोटी ठरली. हा विषाणू सौम्य अशा ‘अमेरिकी’ वंशाचा होता. २०१० च्या अखेरीस याच प्रकाराचा ‘अमेरिकी-आशियाई’ वंश तेथे शिरला, तेव्हा मात्र रुग्णालये भरून गेली. नुसता प्रकार समजणे म्हणूनच अपुरे ठरते. वंश ओळखण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होते. त्यासाठी रक्ताचा नमुना तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच घेतलेला बरा.